चेकआउटमधला गुंता: मोजायचा कसा आणि सोडवायला घ्यायचा कुठून

प्रश्न थोडक्यात असा: ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर बरंच जुनं आहे. चेकआउटची रक्कम काढणारं एकच फंक्शन चारशे ओळींच्या वर गेलं आहे आणि टूल त्याची सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी (कोडमधला गुंता मोजणारा एक आकडा) ६८ दाखवतं. नवी सवलत योजना घातली की भलतीकडेच काहीतरी मोडतं. सगळं नव्याने लिहायला वेळ मिळणार नाही. तर मोजायचं काय, आणि सुरुवात कुठून करायची?

उत्तर.

६८ हा आकडा खाली आणणं अगदी सोपं आहे. फंक्शनचे सात तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला नऊ-नऊ पॅरामीटर द्या, टूल हिरवं होईल. पुढची सवलत योजना मात्र पहिल्याइतकीच मोडेल. दुकानाच्या सॉफ्टवेअरमधला गुंता फंक्शनच्या लांबीपेक्षा एकमेकांना छेदणाऱ्या नियमांत जास्त असतो. सवलत कर काढण्याआधी वजा करायची की नंतर? मोफत डिलिव्हरीची मर्यादा कूपन लावण्याआधीच्या रकमेवर बघायची की नंतरच्या? गिफ्ट कार्ड ही सवलत धरायची की पेमेंट? असा प्रत्येक निर्णय कार्टच्या पानावर एकदा, चेकआउटमध्ये एकदा, इनव्हॉइसमध्ये एकदा आणि रिफंडमध्ये पुन्हा एकदा घेतला जात असेल, तर खरा आजार तो आहे. निर्णय एकाच ठिकाणी घेतला जाईल आणि बाकीचे त्याचं उत्तर वापरतील, एवढं साधलं की आकडे आपोआप उतरतात. पुढचं सगळं ह्याच दृष्टीने वाचा.

मोजायचं काय

तीन आकडे पुरतात, पण ते तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली मांडली. फंक्शनमधले निर्णय मोजा (जर, लूप, केस, कॅच) आणि त्यात एक मिळवा. मॅकेब यांनी सुचवलेली मर्यादा १० होती. हा आकडा टेस्टच्या नियोजनासाठी उत्तम आहे: १२ आला तर स्वतंत्र वाटा १२, म्हणजे टेस्टही साधारण तेवढ्या लिहायची तयारी ठेवा. कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी सोनारसोर्स ह्या कंपनीने आणली. तिच्यात अट जितकी आत दडलेली, तितका दंड जास्त. वाचणाऱ्याच्या डोक्याला किती ताण पडतो ह्याचा तो अंदाज आहे आणि त्याच कंपनीच्या सोनारक्यूब ह्या टूलमध्ये फंक्शनमागे १५ ही मर्यादा आधीपासून लावलेली असते. तिसरी एनपाथ, १९८८ सालची. फंक्शनच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाण्याच्या एकूण वाटा ती मोजते, म्हणून एकाखाली एक अटी आल्या की गुणाकाराने वाढते. पीएचपीएमडी आणि चेकस्टाइल ह्या कोड तपासणाऱ्या दोन्ही टूलमध्ये तिची मर्यादा २०० आहे.

फरक समजायला चार साध्या अटी घ्या, एल्स नसलेल्या. त्या एकाखाली एक लिहिल्या तर सायक्लोमॅटिक ५, कॉग्निटिव्ह ४, एनपाथ १६. त्याच चार अटी एकीच्या पोटात एक लिहिल्या तर सायक्लोमॅटिक तोच ५, कॉग्निटिव्ह १+२+३+४ म्हणजे १०, आणि एनपाथ ५. एकाच आकड्यावर विसंबलात तर ह्यातलं काही ना काही नजरेतून सुटतं. उलट उदाहरण देशांच्या कोडवर चालणाऱ्या ४० केसच्या स्विचचं. सायक्लोमॅटिक ४१ येते आणि अहवालात लाल दिसते. कॉग्निटिव्ह फक्त १, कारण वाचायला त्यात अवघड काही नाही. अशा स्विचवर एक दिवसही घालवू नका. फार तर तो कोड आणि त्याचं उत्तर अशा जोड्यांच्या ॲरेमध्ये हलवा.

टूल बदललं की आकडा बदलतो, हेही ध्यानात असू द्या. काही टूल 'आणि', 'किंवा' ह्या जोडण्याही निर्णय म्हणून मोजतात, काही मोजत नाहीत. ठरावीक मर्यादाही वेगळ्या आहेत: पीएचपीएमडीमध्ये १०, ईएसलिंटमध्ये २०, लिझर्डमध्ये १५. एक टूल धरा, त्याचीच आजची नोंद ठेवा आणि तुलना त्याच्याशीच करा.

आता महत्त्वाचं. गुंत्याचा आकडा एकटा घेऊन कामाची यादी करू नका. त्याला दोन गोष्टी जोडा.

पहिली, टेस्टची व्याप्ती. त्यासाठी क्रॅप नावाचं सूत्र आहे (त्यात गुंता म्हणजे सायक्लोमॅटिक आकडा): गुंत्याचा वर्ग, गुणिले टेस्ट नसलेल्या भागाचा घन, अधिक गुंता. ३० च्या वर गेलं की धोका समजायचा. गुंता १२ आणि टेस्ट शून्य असेल तर १४४+१२, म्हणजे १५६. निम्मं फंक्शन टेस्टखाली आलं की १४४ चा आठवा भाग १८, अधिक १२, बरोबर ३०. ऐंशी टक्के आलं की साधारण १३. म्हणजे कोडला हात न लावता नुसत्या टेस्ट लिहूनही धोका एवढा उतरतो. पण गुंता ३० च्या वर असेल तर शंभर टक्के टेस्ट असूनही हा आकडा ३० खाली येत नाही. ६८ असलेलं तुमचं फंक्शन ह्या गटात आहे, तिथे नुसत्या टेस्टवर भागणार नाही.

दुसरी, बदलांची वर्दळ. कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटच्या लॉगमधून गेल्या १२ महिन्यांत प्रत्येक फाइल किती कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलांत) बदलली ते काढा आणि शेजारच्या रकान्यात तिचा गुंता लिहा. दोन्हींत वर असलेल्या पहिल्या दहा फाइल हीच तुमची कामाची यादी. पुरवठादारांच्या याद्या आयात करणारी फाइल कितीही किचकट असो, दोन वर्षं तिला कोणी हात लावलेला नसेल तर तिला तसंच राहू द्या. हे मोजताना लायब्ररीचे फोल्डर, आपोआप तयार होणारा कोड, लॉक फाइल आणि भाषांतराच्या फाइल वगळा. सगळ्या कोडचं फॉर्मॅटिंग एकदम बदलणारं एखादं कमिट असेल तर तेही वगळा, नाहीतर सगळ्याच फाइल वर्दळीच्या दिसतात. फाइलचं नाव बदललेलं असेल तर जुना इतिहास जोडून घ्यावा लागतो.

त्याच लॉगमधून आणखी एक गोष्ट काढता येते आणि दुकानाच्या कोडसाठी मला ती सगळ्यात मोलाची वाटते: कोणत्या फाइल नेहमी जोडीने बदलतात. कूपनच्या वर्गाबरोबर इनव्हॉइसचं टेम्प्लेट दहा पैकी सात वेळा बदलत असेल, तर टेम्प्लेट स्वतःच सवलतीचा हिशोब करतंय. कोणतंही कॉम्प्लेक्सिटी टूल हे दाखवणार नाही, कारण दोन्ही फाइल सुट्या बघितल्या तर साध्याच असतात.

टूलला न दिसणारा दुसरा गुंता प्लगइनमधला. वूकॉमर्स ह्या दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये किंमत बदलणाऱ्या फिल्टरला (प्लगइन आपला कोड जोडतात त्या जागेला) पाच प्लगइन लटकलेले असू शकतात आणि प्रत्येक फंक्शनचा आकडा ३ असतो. चालण्याचा क्रम ठरवणारा प्राधान्याचा आकडा दिला नाही तर सगळ्यांना १० मिळतो, आणि मग ज्याची नोंद आधी झाली तो आधी चालतो. मॅजेंटो २ ह्या तशाच सॉफ्टवेअरमध्ये मूळ मेथडला बाहेरून वेढणारे 'अराउंड' प्लगइन असतात. त्यातला एक जरी पुढची साखळी बोलवायला विसरला, तर मूळ मेथड आणि त्याच्यानंतरचे प्लगइन चालतच नाहीत. म्हणून किंमत, कर, डिलिव्हरी आणि ऑर्डरची स्थिती ह्या चार जागांना सध्या काय काय लटकलं आहे त्याची यादी चालू सर्व्हरवरून काढा, क्रमासकट. एका जागेला तीनपेक्षा जास्त निघाले तर ती जागा वरच्या दहाच्या यादीत घाला.

हात लावण्याआधी आजचं वागणं गोठवा

चेकआउटमध्ये रिफॅक्टर करताना (वागणं तेच ठेवून रचना बदलताना) चूक झाली तर ती ग्राहकाच्या बिलात उमटते. म्हणून आज कोड जे करतो, बरोबर असो वा चूक, ते आधी टेस्टमध्ये पकडायचं. खऱ्या ऑर्डरींतून दोन-तीनशे कार्ट निवडा, नावं-पत्ते-फोन पुसून टाका, प्रत्येकाचं आजचं उत्तर ओळीनिहाय साठवा: मालाची रक्कम, सवलत, कर, डिलिव्हरी, देय. नुसती एकूण रक्कम साठवू नका. दोन चुका एकमेकींना काटून एकूण बरोबर येऊ शकते.

निवड आंधळेपणाने केली तर सगळी कार्ट सारखीच निघतात. ह्या प्रकारची मुद्दाम शोधून घ्या: मोफत डिलिव्हरीच्या मर्यादेवर अचूक बसणारी रक्कम आणि तिच्याहून एक सर्वात लहान एककाने कमी; दोन वेगळ्या करदरांचा माल; एकाच वस्तूचे तीन नग आणि तीनने भाग न जाणारी सवलत; पूर्ण रक्कम गिफ्ट कार्डने चुकती झालेली; शंभर टक्के कूपन, म्हणजे देय शून्य (पेमेंट गेटवेकडे शून्य रक्कम पाठवण्याचा बग इथेच सापडतो); फक्त डिजिटल माल; अर्धी परत आलेली ऑर्डर.

टेस्ट रोज वेगळं उत्तर देत असेल तर तिचा उपयोग नाही. म्हणून घड्याळ, विनिमय दर, बाहेरची कर-सेवा आणि साठ्याचा आकडा हे सगळं गोठवून इनपुट म्हणून द्या. फंक्शनच्या आत 'आत्ताची वेळ' विचारणारी ओळ असेल तर पहिला बदल तोच: वेळ पॅरामीटरमधून घ्या.

हे करताना जुने बग सापडतील. ते त्याच कमिटमध्ये दुरुस्त करू नका. नोंद करून ठेवा, टेस्टमध्ये चुकीचं उत्तरच राहू द्या आणि नंतर वेगळ्या कमिटमध्ये, व्यवसाय बघणाऱ्या माणसाला विचारून बदला. वागणूक बदलणारा आणि रचना बदलणारा बदल एकत्र झाला की फरक आला तर कशामुळे आला ते सांगता येत नाही.

जवळून एक उदाहरण

डिलिव्हरीचं शुल्क काढणारा हा तुकडा. असा कोड जवळपास प्रत्येक दुकानात सापडतो.

शुल्क = ०
जर पत्ता आहे
— जर पाठवायचा माल आहे
— — जर ग्राहक सदस्य नाही
— — — जर रक्कम मोफत-मर्यादेपेक्षा कमी
— — — — शुल्क = विभागाचा दर
शुल्क परत दे

सायक्लोमॅटिक ५, मर्यादेच्या निम्मी. टूल गप्प बसेल. पण पत्ता अजून भरलेला नसेल तर काय होतं बघा. शुल्क शून्यच राहतं, कार्टच्या पानावर 'डिलिव्हरी मोफत' दिसतं आणि पत्ता भरल्यावर शुल्क उगवतं. ग्राहक तिथून निघून जातो. 'माहीत नाही' आणि 'शून्य' ह्या दोन वेगळ्या उत्तरांना एकच आकडा दिल्याचा हा परिणाम आहे. आता अटी उलटून सपाट करू:

पाठवायचा माल नाही, तर ० परत दे
पत्ता नाही, तर 'अजून ठरलेलं नाही' परत दे
ग्राहक सदस्य आहे, तर ० परत दे
सवलतीनंतरची मालाची रक्कम मोफत-मर्यादेइतकी किंवा जास्त, तर ० परत दे
विभागाचा दर परत दे

सायक्लोमॅटिक तीच ५. कॉग्निटिव्ह मात्र १० वरून ४ वर आली. एनपाथ ५ वरून १६ झाली म्हणून घाबरू नका: बहुतेक टूल मधल्या 'परत दे'ची दखल न घेता नुसता गुणाकार करतात, खऱ्या वाटा पाचच आहेत.

आकड्यापेक्षा मोठी कमाई दुसरीकडे आहे. पहिल्या दोन ओळींचा क्रम बदलून बघा. फक्त डिजिटल मालाच्या कार्टला पत्ता नसतोच. पत्त्याची अट वर ठेवली तर ते कार्ट 'अजून ठरलेलं नाही' वर अडकेल आणि चेकआउट पुढे जाणार नाही. जुन्या कोडमध्ये हे योगायोगाने बरोबर येत होतं. आणि नुसत्या 'रक्कम' ह्या नावाआड लपलेला प्रश्न, सवलतीआधीची की नंतरची, नाव पूर्ण लिहिताच समोर येतो. तो प्रश्न प्रोग्रामरने एकट्याने सोडवायचा नाही. विचारायचा, आणि उत्तर टेस्टच्या नावात लिहून ठेवायचं.

चारशे ओळींचं फंक्शन कसं फोडायचं

ओळींच्या संख्येवर फोडू नका. आधी तीन थर वेगळे करा: माहिती गोळा करणं, हिशोब करणं, निकाल लिहिणं. आजच्या फंक्शनमध्ये हे मिसळलेले असतात. मध्येच डेटाबेस विचारला जातो, मध्येच कूपन 'वापरलं' म्हणून नोंदवलं जातं. सगळ्या क्वेरी वर ओढा, सगळ्या नोंदी खाली ढकला, मधे उरेल तो हिशोब. त्याला कार्ट, ग्राहक, दर, नियम आणि वेळ एवढं मिळालं की तो तेच उत्तर देतो, कितीही वेळा बोलवा. आठवडाभर फक्त एवढंच काम केलं तरी चालेल. मग कार्टचं पान, चेकआउट आणि ईमेल हे तिन्ही तोच हिशोब बोलवू शकतात आणि इतर ठिकाणच्या प्रती एकेक करून काढता येतात.

पुढे हिशोबाचे टप्पे पाडा आणि त्यांचा क्रम एका यादीत, एका फाइलमध्ये, डोळ्यांसमोर ठेवा: ओळीची मूळ रक्कम, वस्तूवरची सवलत, कार्टवरची सवलत, तिची ओळींवर वाटणी, डिलिव्हरी, कर, शेवटी गिफ्ट कार्ड. तुमच्याकडे लागू असलेल्या करनियमांप्रमाणे हा क्रम थोडा वेगळा असेल. तो एकाच जागी लिहिलेला असणं महत्त्वाचं. क्रमाने किती फरक पडतो बघा: १००० च्या मालावर आधी दहा टक्के आणि मग सरसकट १०० वजा केले तर ८०० उरतात. आधी १०० वजा करून मग दहा टक्के काढले तर ८१०. दोन्ही कोड 'बरोबर' असतात, पण दुकानाने जाहिरातीत त्यातला एकच दाखवलेला असतो.

वाटणीचा टप्पा बरेच जण गाळतात, आणि रिफंडमधला गुंता सगळा तिथूनच येतो. १०० ची सवलत तीन सारख्या ओळींवर वाटायची तर ३३.३३ तीनदा घेऊन ९९.९९ होतात. रक्कम सर्वात लहान एककात, पूर्णांकात ठेवा. १०००० भागिले ३, म्हणजे ३३३३ प्रत्येकी, उरलेला १ ठरलेल्या नियमाने एका ओळीला: ३३३४, ३३३३, ३३३३. ही वाटणी ऑर्डरबरोबर साठवा. एक वस्तू परत आली की तिची साठवलेली सवलत वाचायची, नव्याने काढायची नाही. फ्लोटमध्ये (अपूर्णांक बायनरीत अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवलेल्या रकमांवर 'इतकी किंवा जास्त' अशी तुलना तर कधीच करू नका, ०.१ अधिक ०.२ तिथे ०.३०००००००००००००००४ होतात आणि मर्यादेवर अचूक बसणारं कार्ट चुकीच्या बाजूला पडतं. सगळीकडे १०० ने गुणण्याची सवयही सोडा: जपानी येनला दशांश नाहीत, कुवेती दिनारला तीन आहेत. किती दशांश ते चलनाबरोबर ठेवा.

सवलतींसाठी प्रत्येक नियमाला दोनच प्रश्न विचारा: लागू होतोस का, आणि किती? नियमाने दुसऱ्या नियमाकडे बघायचं नाही. कोणता कोणाबरोबर चालतो, दोनपैकी मोठा घ्यायचा की दोन्ही, हे ठरवणारा भाग वेगळा आणि एकच. तुमच्या फंक्शनमध्ये 'कूपन आहे पण सदस्य सवलत नाही आणि सेल चालू नाही' अशा अटी असतील. नियम एकमेकांना ओळखायला लागल्याची ती खूण आहे. दहा नियम एकमेकांना ओळखत असतील तर ४५ जोड्या होतात, आणि अकरावा नियम आणखी १० वाढवतो. नवी योजना घातल्यावर भलतीकडे काहीतरी मोडतं ते ह्यामुळे.

हूकमधून (ठरावीक क्षणी आपला कोड चालवणाऱ्या जोडणीतून) सवलत देणाऱ्या कोडमध्ये एक चूक इतकी वारंवार दिसते की वेगळी सांगतो. वूकॉमर्समध्ये एकूण रक्कम काढण्याआधीचा हूक एकाच रिक्वेस्टमध्ये अनेकदा चालू शकतो. तिथे 'सध्याची किंमत घे, दहा टक्के कमी कर, परत ठेव' असं लिहिलं तर दुसऱ्या फेरीत नव्वदचे एक्याऐंशी होतात. किंमत नेहमी मूळ किमतीवरून काढा, म्हणजे कितीदाही चाललं तरी उत्तर तेच.

नियम डेटाबेसमध्ये हलवावेत का? जे मार्केटिंगवाले दर आठवड्याला बदलतात ते हलवा: टक्के, तारखा, मर्यादा, कोणत्या विभागाला लागू. वर्षातून एकदा बदलणारा नियम कोडमध्येच बरा. सगळंच 'कॉन्फिगर' करायला निघालात तर जेसनमध्ये (माहिती साठवण्याच्या एका साच्यात) लिहिलेली एक नवी प्रोग्रामिंग भाषा तयार होते, जिला ना डीबगर असतो ना टेस्ट. गुंता तेवढाच राहतो, फक्त टूलला दिसेनासा होतो.

ऑर्डरची स्थिती

पेमेंट झालं, पाठवली, रद्द, रिफंड, थांबवली: अशी पाच हो-नाही फील्ड असतील तर ३२ जोड्या शक्य होतात. त्यांतल्या अर्थपूर्ण सात-आठच. उरलेल्यांसाठी कोडभर 'रद्द असून पाठवलेली असेल तर' अशा अटी विखुरतात. पाच फील्डांऐवजी पेमेंटची एक स्थिती आणि पाठवणीची एक स्थिती ठेवा, आणि कुठून कुठे जाता येतं त्याचा तक्ता करा. तक्त्यात नसलेला बदल नाकारा आणि लॉगमध्ये नोंदवा. एकच सामाईक स्थिती ठेवायचा मोह टाळा: अर्धी ऑर्डर पाठवली, अर्धी रिफंड झाली की ती एक स्थिती पुन्हा वीस नावांची होते.

पेमेंट गेटवेची सूचना दोनदा येऊ शकते, उलट्या क्रमाने येऊ शकते, ग्राहक परत पानावर यायच्या आधी येऊ शकते. प्रत्येक सूचनेच्या आयडीवर युनिक की लावा, आणि स्थिती बदलणारी क्वेरी 'सध्याची स्थिती अमुक असेल तरच' अशा अटीसह चालवा. बदललेल्या ओळी शून्य आल्या म्हणजे कोणीतरी आधीच बदल केला; तिथून शांतपणे बाहेर पडा. आधी वाचून मग लिहिणाऱ्या कोडमध्ये दोन सूचना एकाच क्षणी आल्या तर दोघांनाही जुनी स्थिती दिसते, आणि साठा दोनदा वजा होतो.

काढून टाकता येईल ते काढा

सोडवण्यापेक्षा पुसणं नेहमी स्वस्त. गेल्या १२ महिन्यांत कोणते कूपन प्रकार, पेमेंट पद्धती आणि फीचर फ्लॅग (एखादी सोय चालू-बंद करणारे स्विच) प्रत्यक्ष वापरले गेले त्याची क्वेरी चालवा. संशयित फांदीत एक मोजणी टाका आणि वाट बघा, पण तीन महिने शांत राहिली म्हणून लगेच कापू नका. वर्षातून एकदाच येणाऱ्या सेलची फांदी अशीच दिसते. जुन्या ऑर्डरींचा रिफंड अजून ती फांदी बोलवतो का हेही तपासा. हिशोबाचे आकडे ऑर्डरबरोबर साठवलेले असतील तर बोलवत नाही आणि अख्खा वर्ग निर्धास्तपणे जातो.

नव्याने वाढू नये म्हणून

बिल्डमध्ये सरसकट १० ची मर्यादा लावली तर पहिल्याच दिवशी सगळं अडेल आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी तपासणी बंद करेल. आजची यादी बेसलाइन म्हणून साठवा (पीएचपीएमडीमध्ये ही सोय आहे, सोनारक्यूबमध्ये फक्त नव्या कोडला नियम लावता येतो) आणि दोनच अटी ठेवा: नवं फंक्शन मर्यादेत असावं, जुनं फंक्शन होतं त्याहून वाईट होऊ नये. रिव्ह्यू करताना फोडलेल्या फंक्शनच्या पॅरामीटरकडे बघा. पाचपेक्षा जास्त असतील, किंवा त्यांत हो-नाही सांगणारा झेंडा असेल, तर तुकडा चुकीच्या जागी पाडला आहे. 'भाग १', 'भाग २' अशा अर्थाची नावं दिसली तर पॅच परत पाठवा.

नवा हिशोब चालू कसा करायचा

एकदम बदलू नका. काही दिवस दोन्ही हिशोब चालवा: बिल जुन्यावर, नवा नुसता बाजूला, फरक आला की कार्टसकट लॉगमध्ये. नव्याने कूपन खर्च करता कामा नये, साठा अडवता कामा नये. थर आधीच वेगळे केलेले असतील तर हे आपोआप पाळलं जातं. दोघांनाही एकदाच गोळा केलेली माहिती द्या, नाहीतर कर-सेवेला दुप्पट विचारणा जाईल आणि दोन विचारणांच्या मधे दर बदलला तर खोटा फरक दिसेल. नव्या हिशोबात अपवाद फेकला गेला तर तो तिथेच पकडा; तुलनेपायी ग्राहकाचं चेकआउट पडता कामा नये.

सुरुवातीच्या फरकांपैकी बरेचसे एका लहान एककाचे असतात, म्हणजे राउंडिंगचे. 'एवढ्याने काय होतंय' म्हणून ते गाळू नका. प्रत्येकाचं कारण शोधा. बहुतेक वेळा जुना कोड कर ओळीवर राउंड करतो आणि नवा एकूण रकमेवर, आणि हिशोबनीसाच्या अहवालात तो फरक महिनाअखेरीला वर येतो. तुलनेत किमान एक महिनाअखेर आणि एक सेल येऊ द्या. फरक शून्यावर आले की बिल नव्यावर टाका, आठवडाभर जुना बाजूला चालवा, आणि मग ते चारशे ओळींचं फंक्शन, तुलनेचा कोड आणि त्याचा फ्लॅग हे तिन्ही एकाच कमिटमध्ये काढा. तिन्हींपैकी एक जरी मागे राहिलं तर वर्षभराने कोणीतरी भाबडेपणाने जुन्या फंक्शनमध्येच नवी योजना घालतो.